फोनबरोबर गळ्यात मारतात तो एआय सिक्युरिटी पॅक, मामांच्या फोनवर वापरून बघितला (राजारामपुरी, कोल्हापूर)

पाचपैकी दीड स्टार. एक स्टार स्क्रीन फुटली तर बदलून द्यायची जी सोय आहे तिला, आणि अर्धा काउंटरवरच्या पोराला, कारण सरळ विचारल्यावर त्यानं थापा मारल्या नाहीत. बाकी हा पॅक नसता तर मामांच्या फोनचं काहीएक बिघडलं नसतं, उलट दोन गोष्टी जरा बऱ्या चालल्या असत्या.

दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्याला अर्थ नाही, हाच माल राजारामपुरी मेन रोडला पलीकडच्या दुकानात मिळतो, शाहूपुरीत मिळतो, लक्ष्मीपुरीत मिळतो, खोक्यावरचं नाव तेवढं वेगळं. मामांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर फोन घेतला, अठरा हजाराचा, आणि बिलात खाली बारीक अक्षरात सिक्युरिटी पॅक एक वर्ष १९९९ रुपये अशी ओळ. मामा एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेत, आयुष्यभर बिलातला नटबोल्टसुद्धा मोजून घेतलेला माणूस, त्यांनी विचारलं हे काय, तर पोरगं म्हणालं काका आजकाल फ्रॉड किती चाललेत बघताय न्हवं, यात एआय आहे, ते सगळं आपोआप पकडतंय. मामींनी शेजारी उभं राहून घ्या हो घ्या केलं आणि विषय संपला. घरी आल्यावर फोन माझ्याकडं आला, "अरं बघ की जरा, काय काय घातलंय त्यानं ह्याच्यात."

तर घातलंय असं: अँटीव्हायरस, व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरनं फिरवून नेणारं), डार्क वेबवर नजर, पासवर्ड ठेवायची तिजोरी, फोन फास्ट करायचं बटण, फ्रॉड कॉल ओळखणारं एआय, आणि स्क्रीनचं कव्हर म्हणजे तुटली तर एकदा बदलून. एवढं सगळं दोन हजारात म्हणल्यावर माणसाला स्वस्तच वाटणार.

पहिला अँटीव्हायरस बघितला. अँटीव्हायरस जागा आहे का झोपलाय हे बघायला ६८ अक्षरांची एक साधी टेक्स्ट फाइल असते, आयकार म्हणतात तिला, ती काहीच करत नाही पण सगळ्या कंपन्यांनी ठरवून टाकलंय की ही दिसली की बोंब मारायची. ती फाइल टाकली, ॲपनं बोंब मारली, स्क्रीन लालभडक, व्हायब्रेशन, वर ढाल फुटल्याचं चित्र. चला, जागा आहे. पण जागा असून करणार काय हा प्रश्न आहे, कारण अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपची जागा वेगळी असते आणि एकाला दुसऱ्याचा डेटा वाचता येत नाही, अँटीव्हायरसलाही नाही, तोही बाकीच्यांसारखं एक ॲपच. कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस जसा खोलवर शिरून बघतो तसं इथं होत नाही. आणि तपासणीच करायची तर गुगलचं प्ले प्रोटेक्ट फोनमध्ये आधीपासून आहे, फुकट, रोज चालतं, भारतात तर २०२४ च्या शेवटी गुगलनं अशी सोय आणायला सुरुवात केली की ब्राउझर, व्हॉट्सॲप अशा वाटेनं आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर ते बसूच द्यायचं नाही. म्हणजे आपल्याकडं जी मुख्य चोरी चालते तिच्यावरच थेट बोट ठेवलंय.

ती चोरी कशी चालते ते सगळ्यांना माहीतच असेल तरी लिहितो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, नाहीतर आरटीओचं चलान, नाहीतर पीएम किसानचा हप्ता, पण ती फोटो किंवा पीडीएफ नसते, नावाच्या मागं एपीके लिहिलेलं असतं, म्हणजे ते ॲपच असतं, ओळखीच्याच नंबरवरनं आलेली असते कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. दाबलं की फोन विचारतो बाहेरचं ॲप बसवू का, आपण हो म्हणतो, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण परत हो म्हणतो, आणि त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याला येतो तसा त्यालाही जातो. यात कुठंही कुणी काही फोडलेलं नाही. दारं सगळी आपणच उघडली, एकेक करून.

आता खरी गंमत. ह्या पॅकचं ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यानं काय मागितलं? एसएमएस वाचायची परवानगी, कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, नोटिफिकेशन, दुसऱ्या ॲपवर दिसायची परवानगी, आणि सगळ्यात शेवटी ॲक्सेसिबिलिटी. ॲक्सेसिबिलिटी ही मुळात ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय आहे, ती ज्याला दिली तो स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतो आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतो, म्हणूनच बँकेचे पैसे पळवणारी ॲप्स सगळ्यात आधी तीच मागतात. फोन स्वतः इशारा देतो की विचार करून द्या, तर ह्या ॲपनं त्या इशाऱ्याच्या वर स्वतःचा बाण काढून दाखवला, इथं दाबा म्हणून. पासष्टीच्या माणसाला तुम्ही काय शिकवलं मग? की सिक्युरिटीच्या नावानं कुणी मागितलं की ह्या परवानग्या देऊन टाकायच्या.

आणि हे तिथंच थांबत नाही. रोज नोटिफिकेशन. तुमचा फोन धोक्यात आहे, आत्ताच दुरुस्त करा. उघडून बघितलं तर धोका काय, तर घरचं वायफाय म्हणे असुरक्षित असू शकतं, गॅलरीत डुप्लिकेट फोटो आहेत (मामांना रोज सकाळी येणारी गुड मॉर्निंगची फुलं ती), आणि बॅटरी गरम होतीय. फोन उन्हात टपावर ठेवला होता, गरम होणारच. हे सगळं लाल रंगात, वर उद्गारचिन्ह, खाली मोठं बटण. भामटेसुद्धा हुबेहूब हेच करतात, घाई, भीती आणि बटण. पंधरवड्यातच मामांना सवय लागली की लाल काही दिसलं की दाबायचं आणि गप करायचं. मला यातलं सगळ्यात वाईट हेच वाटलं, दोन हजार गेले त्याचं एवढं नाही.

त्यावर कळस म्हणजे कस्टमर केअर. व्हीपीएन बंद होईना म्हणून ॲपमध्येच दिलेल्या नंबरला फोन लावला, पलीकडची बाई गोड बोलली, हिंदीत, आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली सर एक स्क्रीन शेअरचं ॲप डाउनलोड करा आणि त्यात जो नऊ आकडी नंबर दिसेल तो मला सांगा. भावांनो, एनीडेस्कसारख्या ॲपवरनं असे फ्रॉड होतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. आणि सिक्युरिटी विकणारी कंपनी स्वतःच तेच करायला सांगते. मी नाही म्हणलं तर तिला खरंच आश्चर्य वाटलं, म्हणाली सर सगळे करतात. करत असतील.

एआयचं विचाराल तर मी मुद्दाम परत दुकानात गेलो. विचारलं एआय नेमकं काय करतंय? पोरगं म्हणालं ते क्लाउडवर असतंय. म्हणलं बरं, क्लाउडवर काय करतंय? पोरगं हसलं, म्हणालं दादा खरं सांगू का, आमाला खोक्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच माहितीय, महिन्याला एवढे एवढे पॅक गेले पाहिजेत असं वरनं असतंय. ह्यासाठी तो अर्धा स्टार. कारण खोक्यावर एआय लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि हे काही कोल्हापूरपुरतं नाही, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकानं दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांना दंड केला, चार लाख डॉलर मिळून, का तर आम्ही एआय वापरतो म्हणून जाहिरात केली आणि सांगितलं तसं आत काही नव्हतं. तिकडं निदान विचारणारा कुणीतरी होता.

एआय म्हणजे सगळंच थोतांड असं मी म्हणत नाही. एअरटेलनं सप्टेंबर २०२४ पासून नेटवर्कवरच स्पॅम ओळखून कॉल येताना तसं दाखवायला सुरुवात केली, ग्राहकाकडनं जादा पैसे न घेता, आणि माझ्या फोनवर ते बऱ्यापैकी बरोबर निघतं. ते जमतं कारण त्यांच्याकडं कोट्यवधी कॉलची वागणूक समोर असते, कोण किती जणांना लावतो, किती सेकंदात ठेवतो. मामांच्या फोनमधल्या एका ॲपला हे कुठनं दिसणार? त्यानं माझ्या बहिणीचा कॉल संशयास्पद दाखवला, कारण तिचं सिम नवीन, आणि लोनवाल्या बाईचा कॉल हिरवा दाखवला. बँकांचे खरे कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरनं आणि जाहिरातीचे १४० वरनं यावेत अशी व्यवस्था केलीय, एवढं ध्यानात ठेवलं तरी त्या एआयपेक्षा जास्त काम होतं.

व्हीपीएनचं प्रकरण वेगळंच. मामा संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात, तिथं बसून बँकेचं ॲप उघडायला लागले तर उघडेना. का, तर फोनच्या म्हणण्यानुसार मामा ॲमस्टरडॅममध्ये. शेजारच्या आबांनी विचारलं कुठं हाय ते ॲमस्टरडॅम, मामा म्हणाले गगनबावड्याच्या पुढं. ॲप लावताना व्हीपीएन आपोआप चालू झालेला आणि बंद करायचं बटण तीन पानं आत.

दुकानातलं कारण असं होतं की बाहेरच्या वायफायवर कुणीही पासवर्ड बघतो. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यात तथ्य होतं. आता बँकेचं ॲप काय, साधी बातम्यांची साइट काय, जवळपास सगळं एचटीटीपीएसवर चालतं, म्हणजे मधल्या माणसाला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं दिसेल, आत काय टाइप केलं ते नाही. व्हीपीएन लावल्यावर ती माहिती जिओ-एअरटेलऐवजी व्हीपीएनवाल्याकडं जाते, एवढाच फरक, विश्वास कुणावर तरी ठेवावाच लागतो. आणि तो फुकट्या किंवा अनोळखी कंपनीवर का ठेवायचा? फेसबुकनं २०१३ मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी घेतली, तिच्या व्हीपीएनमधनं लोक कुठली ॲप्स वापरतात ते बघत होते, बोंबाबोंब झाल्यावर २०१९ ला बंद केली. अँटीव्हायरसवाले तरी कुठं धुतल्या तांदळाचे, अवास्टनं लोकांचं ब्राउझिंग गोळा करून जम्पशॉट नावाच्या स्वतःच्याच कंपनीतर्फे विकलं, २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लागले. ते तर जगभर नाव असलेले. आपल्या खोक्यावरच्या कंपनीचं तर ऑफिस कुठं आहे तेही वेबसाइटवर नाही, नुसता फॉर्म आहे.

भारतात आणखी एक भानगड, सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे पाच वर्षं जपून ठेवायचे, त्यावर एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क ह्या व्हीपीएन कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. खोक्यावर मात्र आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही असं छापलंय. असो.

डार्क वेबवर नजर म्हणजे काय तर तुमचा ईमेल कुठल्या फुटलेल्या डेटात आहे का ते बघायचं. मामांचा ईमेल निघाला, जुन्या कुठल्यातरी खरेदीच्या साइटवर, ॲपनं परत लाल स्क्रीन केली आणि पूर्ण माहितीसाठी प्रीमियम घ्या म्हणालं, म्हणजे दोन हजार देऊन वर आणखी प्रीमियम. हीच माहिती हॅव आय बीन पॉन्ड नावाच्या साइटवर २०१३ पासून फुकट बघता येते, ट्रॉय हंट नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस चालवतो. २०२० ला बिगबास्केटचा डेटा फुटला, २०२१ ला डॉमिनोज इंडियाचा, त्यामुळं तुमचंही काहीतरी निघेलच, घाबरायचं नाही, तोच पासवर्ड दुसरीकडं वापरला असेल तर तिथं बदलायचा, झालं.

पासवर्डच्या तिजोरीत दहाच पासवर्ड मावतात, पुढचे पैसे देऊन. गुगलचं स्वतःचं आहे, बिटवॉर्डन आहे, दोन्ही फुकट, मर्यादा नाही. आणि खरं सांगू का, मामांची ती एसटीची जुनी डायरी आहे ना, तिच्यात पासवर्ड लिहून कपाटात ठेवलेले, त्याला मी हात लावला नाही. लोक हसतात त्याला पण शिवाजी पेठेतल्या कपाटातली डायरी वाचायला परदेशातला चोर येणार नाही, आणि कपाटापर्यंत पोचलेला चोर आधी मामींचा डबा बघेल. फक्त एटीएमचा पिन त्यात होता तो खोडायला लावला. दर महिन्याला पासवर्ड बदला असंही ॲप सांगत होतं, अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं २०१७ लाच सांगितलंय की उगाच ठरावीक काळानं बदलायला लावू नका, लोक मग शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. लांब ठेवा, वेगवेगळा ठेवा.

फोन फास्ट करायच्या बटणाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. मागं चालू असलेली ॲप्स बंद करतं, अँड्रॉइड ती परत उघडतं, त्यात बॅटरी जाते.

सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) फोन चार्जिंगला लावला तर डेटा चोरीला जातो ही पण एक भीती काउंटरवर घातली होती. आताचे अँड्रॉइड फोन यूएसबीला लावले की नुसते चार्ज होतात, फाइल द्यायच्या तर तुम्हाला विचारतात. स्टँडवर डेटापेक्षा अख्खा फोनच जायची भीती जास्त, आणि त्यासाठी संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर जाऊन आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, ब्लॉक करता येतो, तिथंच आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. मामांच्या नावावर एक जादाचं निघालं, कुठल्यातरी मेळ्यात छत्रीखाली फुकट वाटलेलं, ते तिथनंच कळवून टाकलं. दोन हजाराच्या पॅकनं हे कुठं दाखवलं नव्हतं.

आणि मोठी चोरी तर फोनच्या बाहेरच होते हो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतनं ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले, त्यातले बहुतेक बनावट कार्डांवर देशोदेशीच्या एटीएममधनं काढले, त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमही होती, लोकांना आठवत असेल. कुणाच्याही खिशातल्या फोनला धक्का लागला नाही. अशा वेळी उपयोगाला येतो तो रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडनंच गडबड झाली, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर बोजा शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंत गेलेलं तुमचं, म्हणून कळवायची घाई. सायबर फ्रॉडच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन, नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, पैसे पुढच्या खात्यातनं निघून जायच्या आत अडवता आले तर येतात.

डिजिटल अरेस्टवाल्यांसाठी तर कुठलंच ॲप नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेला माणूस हा व्हायरस नाही, त्याला काय स्कॅन करणार. असा अरेस्ट कायद्यातच नाही हे खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं, तरी लोक फसतात. मामांना एकच सांगून ठेवलंय, पोलीस म्हणून कुणी कॉलवर बसवून ठेवलं तर ठेवून द्यायचा आणि मला नाहीतर तालमीतल्या कुणाला तरी फोन लावायचा. मामी म्हणाल्या आधी मला द्या, मी बोलते त्याच्याशी. ते जास्त परिणामकारक होईल बहुतेक.

स्क्रीनच्या कव्हरला एक स्टार दिलाय त्याचं कारण ते खरंच काहीतरी आहे. अटी आहेत, वर्षात एकदाच, पाचशे रुपये प्रोसेसिंग, पाण्यात पडला तर नाही (पंचगंगेकाठच्या गावाला ही अट म्हणजे चेष्टाच). पण मामांच्या मॉडेलची स्क्रीन बाहेर साडेतीन हजाराला सांगितली, तेव्हा ज्याच्या हातनं फोन पडतोच त्यानं नुसतं एवढंच वेगळं मागावं, काही दुकानात मिळतं. बाकीचं नको म्हणून ठाम सांगायचं.

आणि घेतलाच असेल तर आज एक काम करा, तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून जागा असते तिथं जाऊन बघा. मामांच्याकडनं फोन सेट करतानाच काउंटरवर पुढच्या वर्षाची परवानगी घेतलेली, २४९९ ची, म्हणजे पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढं आपोआप कापणार. पंधरा हजारापर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी पिन लागत नाही, आदल्या दिवशी मेसेज तेवढा येतो आणि तो असल्या शंभर मेसेजमध्ये हरवतो. तिथनं रद्द केलं, मग ॲपची ॲक्सेसिबिलिटी काढली, मग ॲप काढलं, ह्याच क्रमानं करा, नाहीतर ॲप आधी काढलं तरी वसुली चालूच राहते.

पॅक परत घ्या म्हणून दुकानात गेलो तेव्हा मालक म्हणाले ॲक्टिव्हेट झालेला परत होत नाही, कंपनीचं धोरण. मामांनी आवाज चढवला नाही, बिल काउंटरवर ठेवलं आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले की पॅक घ्यायच्या आधी माझ्याशी बोला. अर्ध्या तासात बाराशेची क्रेडिट नोट मिळाली. त्यात टफन ग्लास, मागचं कव्हर आणि मामींना एक इअरफोन बसला.